लगेच म्हणजे परवा

"डोळे मिटा," सर म्हणाले. "आता तुम्ही समुद्रकिनारी आहात. लाटांचा आवाज येतोय. तुम्हाला कसलीही घाई नाही."

लाटांचा आवाज काही आला नाही. खालच्या मजल्यावर कुणाच्या तरी मुंजीचा स्वयंपाक चालला होता, त्यामुळे झारा कढईवर आपटल्याचा आवाज तेवढा येत होता आणि मसालेभाताचा वास. माझ्या शेजारी घुगरे सरळ घोरायला लागले होते. मी एक डोळा किलकिला करून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. समुद्रकिनारी बसलेल्या या बाईला दीडची सांगलीची एस.टी. धरायची होती, आणि ती काही मिळणार नव्हती.

"मोकाशी मॅडम, डोळे उघडे आहेत तुमचे."

"एकच उघडा आहे."

"दोन्ही मिटा. तणाव डोळ्यांतून आत येतो."

आमच्याकडे तो वाकणकरांच्या केबिनमधून येतो, असं ओठांवर आलं होतं. पण वाकणकर समोरच मांडी घालून बसले होते, अगदी पोथी ऐकायला आल्यासारखे. मग मी दुसरा डोळाही मिटला.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा मी पुण्यात एका प्रकाशनात होते. कथा-कवितांचं नव्हे हो, शाळेच्या मार्गदर्शकांचं. नाव सांगत नाही, तुमच्याही घरच्या माळ्यावर एखादं निघेल. पाठ्यपुस्तकातलाच प्रश्न, त्याचं उत्तर, आणि ते उत्तर कसं पाठ करायचं याच्या सूचना, असा सगळा मामला. माझं काम शेवटच्या वाचनाचं. घुगरे कॉम्प्युटरवर पानं लावायचे, मी त्यातल्या चुका काढायचे, वाकणकर मॅनेजर म्हणून आमच्या दोघांच्या डोक्यावर बसायचे आणि रास्ते साहेब मालक म्हणून वाकणकरांच्या. शाळा जूनमध्ये उघडतात हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक असतं. आमच्या ऑफिसला ते दर वर्षी मे महिन्यात नव्याने कळायचं.

शब्दांचे अर्थसुद्धा आमच्याकडे वेगळेच होते. 'लगेच' म्हणजे परवा. 'अर्जंट' म्हणजे या आठवड्यात कधीतरी. 'आत्ताच्या आत्ता' म्हणजे जेवून आल्यावर. नवा माणूस लागला की आम्ही त्याला आधी हे शिकवायचो, मग पगाराचं बोलायचो.

तर त्या मे महिन्यात घुगरेंनी कीबोर्ड उचलून खिडकीतून खाली फेकला. दुसऱ्या मजल्यावरून. तो खालच्या स्टोव्ह रिपेअरवाल्याच्या पत्र्यावर पडला. लागलं कुणाला नाही, पण आवाज सबंध नारायण पेठेने ऐकला असेल. घुगरे म्हणजे वीस वर्षांत कुणाला 'अरे' म्हणून न बोललेला माणूस. रास्ते साहेब घाबरलेच. कुणीतरी त्यांच्या कानात भरवलं की स्टाफला स्ट्रेस झालाय. झालं. साहेबांनी तणावमुक्ती शिबिर ठेवलं. कधी? तर गुरुवारी. आणि दहावीचं विज्ञान प्रेसला जायचं शुक्रवारी सकाळी! म्हणजे गुरुवारी अर्धा दिवस शांत व्हायचं आणि मग ते भरून काढायला रात्रभर बोंबलत बसायचं.

शिबिराला आलेले स्वानंद सर पूर्वी विमा विकायचे. पांढरा झब्बा, गळ्यात स्फटिकाची माळ. मंगल कार्यालयाचा वरचा हॉल त्यांना दीडपर्यंतच मिळाला होता, कारण त्यानंतर तिथे मुंजीची दुसरी पंगत बसणार होती. त्यामुळे ते दर थोड्या वेळाने घड्याळ बघून म्हणायचे, "चला, चला, पटापट शांत व्हा, अजून तीन व्यायाम राहिलेत."

मला मात्र त्याच गुरुवारी संध्याकाळी सातला सांगलीत पोचायचं होतं. बाबांचं नाटक होतं.

बाबा ऐंशी वर्षांचे. तरुणपणी हौशी नाटकांतून कामं केलेली. आई गेल्यापासून तीन वर्षं त्यांनी नाटकाचं नाव काढलं नव्हतं. या वर्षी ज्येष्ठ नागरिक संघाच्या मंडळींनी त्यांना पकडून तिसऱ्या अंकातल्या न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवलं. चार वाक्यं आणि एक खोकला. खोकला लेखकाने लिहिलेला नव्हता, पण तो येणारच होता. अडचण एवढीच, की बाबांना वाक्यं आठवत नव्हती. पूर्वी विंगेत आई उभी राहायची, प्रॉम्प्टिंगला. तिच्या नुसत्या ओठांकडे बघून त्यांना सगळं नाटक आठवायचं.

"गुरुवारी सातला आहे, शरू," ते फोनवर म्हणाले होते. "तू विंगेत असलीस तर मी उभा राहीन. नाहीतर त्यांना नाही म्हणून सांगतो."

बाबांनी आयुष्यात माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. हे पहिलंच. मी दुसऱ्या दिवशी वाकणकरांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, गुरुवारी दुपारी निघते. शनिवारी हजर."

"मोकाशी बाई, शुक्रवारी विज्ञान जायचंय. शेवटचं वाचन कोण करणार? मी?"

"तुम्ही केलंत तर मुलं नापास होतील."

"तेच म्हणतोय मी!"

"वडिलांचं नाटक आहे हो. ऐंशी वर्षांचा माणूस तीन वर्षांनी उभा राहतोय."

"मग कुणाला तरी व्हिडिओ काढायला सांगा. आजकाल फोनमध्ये येतो छान." आणि वर त्यांनी खालचा आवाज लावला. "शुक्रवार टळला ना, तर साहेब मला उभा कापतील. तुम्हाला कल्पना नाही, वरून काय प्रेशर आहे."

वरून म्हणजे रास्ते साहेबांकडून. मी वाद सोडून जागेवर आले. कारण घुगरेंनी शेवटच्या धड्याची पानंच मला दिली नव्हती. रोज विचारलं की म्हणायचे, "राहिलंय अजून, बरंच राहिलंय." पानंच नाहीत तर वाचणार काय, कपाळ? बाबांना फोन करून 'जमत नाही' म्हणायचा धीर काही मला झाला नाही. गुरुवारी सकाळी मी आपली पिशवी भरून शिबिराला आले, उगीच.

तर समुद्रकिनारा संपला. घुगरेंना हलवून उठवलं. मग हसण्याचा व्यायाम झाला, त्यात वाकणकर इतके हसले की त्यांची कवळी सैल झाली. मग स्वानंद सरांनी प्रत्येकाला एकेक फुगा दिला. त्यात आपला तणाव फुंकून भरायचा आणि शेवटी सगळ्यांनी मिळून फोडायचा. आम्ही ते फुगे मांडीवर घेऊन गोल बसलो, बारशाला बोलावलेल्या पोरांसारखे.

"आता मोकळं वर्तुळ," सर म्हणाले. "कामाच्या ताणात आपण रोज काही ना काही खोटं बोलतो. ते खोटं मनात साठतं. आज शेजारच्याच्या डोळ्यांत बघून खरं सांगून टाकायचं. कुणी कुणावर रागावायचं नाही. इथलं इथेच राहील. साहेब, तुमच्यापासून सुरुवात."

रास्ते साहेब मनाने मोकळा माणूस. शिवाय शिबिराचे पैसे त्यांनी मोजले होते, ते वसूल व्हायला नकोत? ते उत्साहाने वाकणकरांकडे वळले. "वाकणकर, मी तुम्हाला विज्ञान सोमवारी हवं म्हणालो ना? तसं काही नाही. प्रेसला पुढच्या गुरुवारी द्यायचंय."

"वा!" स्वानंद सरांनी टाळी वाजवली. "हलकं वाटलं?"

"वाटलं की! फारच!"

वाकणकरांना मात्र हलकं वाटलेलं दिसलं नाही. ते माझ्याकडे वळले खरे, पण माझ्या डोळ्यांत बघायच्या ऐवजी माझ्या फुग्याकडे बघायला लागले.

"डोळ्यांत, डोळ्यांत," सर म्हणाले.

"मोकाशी बाई... साहेब मला सोमवार म्हणाले होते. मी तुम्हाला शुक्रवार सांगितला."

"का?"

"तुम्ही लोक उशीर करता म्हणून."

"रागवायचं नाही हं, मॅडम," सर म्हणाले. "आता तुमची पाळी."

खोटं कशाला बोलू, माझ्याकडेही होतंच. "घुगरे, मला शुक्रवार सांगितला होता. मी तुम्हाला मंगळवार सांगितला."

"ठाऊक होतं," घुगरे शांतपणे म्हणाले.

"ठाऊक होतं म्हणजे?"

"दर वेळी तसंच असतं की. म्हणून मी पण म्हणतो, राहिलंय अजून, बरंच राहिलंय."

"आणि किती राहिलंय?"

"काही नाही. गेल्याच आठवड्यात झालंय सगळं."

"अहो, मग दिलं का नाहीत?"

"लवकर दिलं की दुसरं गळ्यात मारता."

"झालं होतं तर मग कीबोर्ड कशाला फेकलात?" वाकणकर ओरडले.

"तुम्ही दिवसातून दहा वेळा मागे उभे राहून 'झालं का, झालं का' विचारायचा. झालेल्या कामाला 'राहिलंय, राहिलंय' म्हणताना डोकं फुटायची वेळ आली होती, सर. खऱ्याखुऱ्या कामाचा एवढा त्रास नाही होत."

रास्ते साहेबांना हे भलतंच आवडलं. त्यांनी खिशातून मोबाइल काढला, प्रेसवाल्या बोरकरांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. "बोरकर, इथे सगळे खरं बोलतायत. तुम्ही पण बोला. पुढच्या गुरुवारी विज्ञान दिलं तर मशीनवर कधी चढवाल?"

पलीकडे मशीनची धडधड चालू होती. "खरं सांगू का साहेब? कागदच आला नाही. पंधरवडा तरी जाईल. तुम्ही तारीख आधीचीच सांगता, म्हणून मी मनावर घेत नाही."

मग जे हसणं सुरू झालं! या वेळी व्यायामाचं नाही, खरंखुरं. रास्ते साहेब मांडीवर थापा मारत होते, घुगरेंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, स्वानंद सर तर आपला व्यायाम लागू पडला म्हणून हात जोडून उभे. सगळ्यांचा तणाव गेला. मी पण हसत होते. हसता हसता मी वाकणकरांना सहज विचारलं, "हे कधीपासून चालू आहे हो?"

"मी लागलो तेव्हापासून! पद्धतच आहे ती आपली."

"नववीच्या भूगोलाच्या वेळी पण?"

"भूगोल?" त्यांनी आठवून बघितलं आणि त्यांना जास्तच हसू फुटलं. "अहो, भूगोलाची तर गंमतच! तुम्ही रात्री जागून दिलात आणि नंतर आठवडाभर तो माझ्या कपाटात पडून. तेव्हाही कागदच नव्हता!"

मी हसायची थांबले. माझ्या मांडीवरचा फुगा फुटला. नख लागलं की मी दाबला, कोण जाणे. मी उठले आणि पिशवी उचलली.

"मॅडम, अजून फुगे फोडायचे राहिलेत," स्वानंद सर म्हणाले.

"माझा झाला."

"मोकाशी बाई, अहो, शेवटचं वाचन?" वाकणकर मागून ओरडले.

"लगेच करते," मी म्हटलं आणि जिना उतरले. खाली बटूची आई पंगतीला आग्रह करत होती, ती मलाही म्हणाली, जेवून जा. मी तिच्याशी धड बोललेसुद्धा नाही.

स्वारगेटला एस.टी. सुटता सुटता मिळाली. वाटेत चार वेळा फोन वाजला, चारही वेळा वाकणकर. मी उचलला नाही. शेजारच्या बाईने काकडीची फोड पुढे केली, ती मी नको म्हटली. मला रडू येत नव्हतं, राग आला होता, आणि इतका की कऱ्हाडला गाडी थांबली तेव्हा पाणी प्यायलाही मी उतरले नाही. एकच गोष्ट धरून ठेवली होती, सातच्या आत विंगेत उभं राहायचं. हे एक तरी वेळेवर.

सांगली स्टँडवर रिक्षावाल्याला म्हटलं, विश्रामबागला ज्येष्ठ नागरिक संघाच्या हॉलवर, आणि जोरात चल. त्याने चालवली बिचाऱ्याने. हॉलच्या दाराला भलंमोठं कुलूप. बाहेर वॉचमन बाजेवर बसून रेडिओ ऐकत होता.

"नाटक?" मी म्हटलं. "संपलं का?"

"संपंल कसं? उद्या हाय न्हवं!"

मी त्याच्याशी भांडले. गुरुवार आज आहे, सात वाजतायत, तुला काही माहीत नाही, असं बरंच बोलले. त्याने शांतपणे भिंतीवरच्या बोर्डाकडे बोट दाखवलं. खडूने लिहिलं होतं, शुक्रवार, सायंकाळी सात.

घरी पोचले तर बाबा ओट्याच्या पायरीवर बसलेले. पुढ्यात वाटीभर भडंग, हातात वाक्यांचा कागद, चष्मा कपाळावर. मला बघून त्यांनी चष्मा खाली घेतला, मग परत नीट बघितलं.

"शरू? तू आज कशी?"

"आज कशी म्हणजे? बाबा, तुम्ही गुरुवार म्हणाला होतात!"

"म्हणालो होतो खरा."

"आणि नाटक शुक्रवारी!"

"हो." त्यांनी वाटी माझ्याकडे सरकवली. "खा. घरात भाजी नाही. दादाला उद्या आणायला सांगितली होती, तू उद्या येशील म्हणून."

"उद्या कशी येईन? मला तुम्ही आजचं सांगितलंत ना!"

"तेच. आजचं सांगितलं म्हणजे तू उद्या पोचतेस."

ते रागावून म्हणाले असते तर मी काहीतरी उलट बोलले असते. पण ते अगदी साधं बोलत होते, पाणी कधी येतं ते सांगावं तसं. मी उभीच होते, खांद्याला पिशवी तशीच.

"असं का केलंत, बाबा?"

त्यांनी कागदाची घडी केली, उलगडली, परत केली.

"तुझ्या आईच्या वेळी दादाने खरं ते सांगितलं होतं," ते म्हणाले. "लगेच ये, म्हणाला होता."

म्हणाला होता. बुधवारी फोन केला होता त्याने, हॉस्पिटलमधून. "शरू, लगेच ये." आणि मी नववीचा भूगोल पुढ्यात घेऊन बसले होते, शुक्रवारी प्रेसला जायचा म्हणून. वाकणकर मागे उभे होते. मला आठवतंय मी काय केलं ते. मी मनातल्या मनात हिशेब केला. लगेच म्हणजे परवा. दादा घाबरट आहे, दोन दिवस हातचे ठेवूनच बोलत असेल. सगळेच ठेवतात. शुक्रवारी संध्याकाळी भूगोल देऊन मी निघाले. आई शुक्रवारी दुपारी गेली होती. ती बुधवारपासून दाराकडे बघत होती म्हणे. आणि ज्या भूगोलासाठी मी थांबले, तो नंतर आठवडाभर कपाटात आराम करत होता.

"बाबा," मी म्हटलं, आणि पिशवी खाली टाकली. पायरीवर बसले आणि रडले. चांगली मोठ्याने रडले, शेजारच्या काकू दारात येऊन बघून गेल्या. बाबांनी मला थोपटलं नाही, समजूतही काढली नाही. जरा वेळाने त्यांनी कागद माझ्या हातात दिला.

"झालं असेल तर हे धर. तिसरं वाक्य काही केल्या येत नाही मला. नुसते ओठ हलव, आवाज काढू नकोस. ती काढायची नाही."

अंधार पडून कागद दिसेनासा होईपर्यंत आम्ही ती चार वाक्यं घोळली. खोकला दर वेळी न चुकता आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाकणकरांचा फोन. या वेळी मी उचलला.

"मोकाशी बाई, बोरकरांकडे कागद आला! काल बोलला आणि आज आला! मशीन रिकामी आहे, विज्ञान आत्ताच्या आत्ता हवंय. या वेळी अगदी खरं, आईशप्पथ!"

"जेवून बघते," मी म्हटलं आणि फोन बंद करून ठेवला. नंतर कळलं, ते खरंच खरं होतं. शेवटचं वाचन वाकणकरांनी केलं. त्या वर्षी आमच्या मार्गदर्शकात प्रकाशाचा वेग सायकलपेक्षा कमी छापला गेला. महाराष्ट्रातली मुलं तरीही पास झाली.

नाटक सातला होतं. मी हॉलवर पोचले तेव्हा अजून खुर्च्यासुद्धा मांडलेल्या नव्हत्या, त्या भिंतीला एकावर एक रचून ठेवल्या होत्या. कालचाच वॉचमन दार उघडत होता.

"ताई, लई लवकर आलासा," तो म्हणाला.

"हो," मी म्हटलं, आणि खुर्च्या मांडायला घेतल्या.